कढई जळत नाही, लोहकीस जळतो

साक्रीहून सुरतेकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानापाशी थोडा वेळ उभं राहावं. जीआय पाइपवर वेल्डिंगचा रॉड टेकला की निळसर झगमगाट होतो, पांढरा धूर उठतो आणि मागाहून हलके पांढरे तंतू हवेत तरंगायला लागतात. खानदेशातल्या माणसाला त्यासाठी दुसरा शब्द सुचणार नाही, कापूसच तो. पाइपवर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं. वेल्डिंगची ज्योत त्याच्या कितीतरी पलीकडची, त्यामुळे जस्ताची वाफ होते. ती वाफ हवेतल्या ऑक्सिजनला भेटते, पेटते आणि झिंक ऑक्साइड होऊन खाली येते. म्हणजे रस्त्याच्या कडेला, भर दिवसा, धातू जळत असतो आणि त्याची राख आपल्या खांद्यावर पडत असते.

दिवसभर हा धूर छातीत गेला तर वेल्डरला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायलं किंवा गूळ खाल्ला की तो उतरतो, अशी या धंद्यातली समजूत आहे. मुळात हा ताप एक-दोन दिवसांत आपोआपच जातो, श्रेय मात्र दुधाला मिळतं. युरोपातल्या जुन्या किमयागारांनी याच राखेला तत्त्ववेत्त्यांची लोकर म्हटलं होतं. आपल्याकडच्या रसग्रंथांत पुष्पांजन नावाचं एक द्रव्य येतं, तेही झिंक ऑक्साइडच असं मानलं जातं. लोकर, फूल आणि कापूस अशी ज्याची त्याची उपमा झाली. एरवी ‘धातू जळाला’ हे वाक्य मराठीत कुणी फारसं बोलत नाही. कढईत भाजी करपते, तवा लाल होतो, पातेलं वितळतं. धातूत आपण आग कोंडून ठेवतो, शेगडीत, कंदिलात, बंबात. धातूच आगीचं खाद्य होऊ शकतो, हे मनात बसत नाही.

बसलं नाही तर काय होतं, ते साक्री तालुक्यानं पाहिलं आहे. १८ एप्रिल २०२३ रोजी निजामपूर-जैताणे परिसरात एका छोट्या कारखान्याला आग लागली आणि चार महिलांचा होरपळून मृत्यू झाला. ‘मेणबत्तीच्या कारखान्याला आग’ अशी बातमी आली. पण तिथे देवघरात किंवा दिवे गेल्यावर लावायची मेणबत्ती बनत नव्हती. वाढदिवसाच्या केकवर खोचतात ती, कारंज्यासारख्या ठिणग्या उडवणारी नळी बनत होती. तिच्यात मेणाचा संबंध नावापुरता. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडजवळच्या तळवड्यात अशाच ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या जागेत आग लागली. त्या दिवशी सहा जणांचा जीव गेला आणि पुढे उपचार चालू असताना आकडा वाढत गेला. तिथेही काम करणाऱ्या बहुतेक महिलाच होत्या. तळवड्यापासून काही किलोमीटरवर देहूरोडला सरकारी आयुध निर्माणी आहे. तिथे प्रकाश देणारी आणि धूर सोडणारी दारू बनते. ती दारू आणि केकवरची नळी रसायनशास्त्राच्या दृष्टीनं एकाच घराण्यातली. पण एकीभोवती कुंपण, पहारा आणि नियमांची जाडजूड वही, तर दुसरी पत्र्याच्या शेडमध्ये हातांनी भरली जाते. कारण तिचं नाव मेणबत्ती.

लोखंडाची कढई शंभर वर्षं चुलीवर राहून जळत नाही, मग तेच लोखंड कीस होऊन फुलबाजीत कसं जळतं? या एका प्रश्नाच्या उत्तरात जवळजवळ सगळा विषय येतो.

एक घन सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा घ्या. वजन २.७ ग्रॅम, म्हणजे पाव तोळ्याहून किंचित कमी. त्याला सहा बाजू, एकूण पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. आता तो दहा मायक्रॉनच्या बारीक ठोकळ्यांत चिरला अशी कल्पना करा. ठोकळे होतील शंभर कोटी आणि त्यांचा मिळून पृष्ठभाग ६००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब टेबलाएवढा. धातू तेवढाच आहे, हवेशी त्याची गाठ मात्र हजार पटींनी वाढली. दुसरी गोष्ट उष्णतेची. कढईच्या एका कोपऱ्याला आग लावली तर ती उष्णता अख्ख्या कढईत पसरते, त्यामुळे पेटण्याइतकं तापमान कुठेच साठत नाही. दहा मायक्रॉनच्या कणाला उष्णता पळवायला जागाच नसते. तो क्षणात तापतो, पेटतो आणि शेजारच्याला पेटवतो.

खानदेशात हे शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. जिनिंगमध्ये ज्यानं काम केलं आहे त्याला ठाऊक असतं, की मोकळ्या रुईच्या ढिगाला ठिणगी लागली तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत ज्वाळा वरच्या पत्र्याला भिडते. तीच रुई दाबून गाठ बांधली, की तिची आग आत धुमसत राहते, कधीकधी कित्येक दिवस. धातूचंही तसंच असतं, फक्त त्याची रुई करायला गिरणी लागते.

पण पृष्ठभागाचा हिशेब पुरा पडत नाही. तो पुरला असता तर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यानंही मॅग्नेशिअमच्या फितीसारखा पेट घ्यायला हवा होता. तसं होत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत चिमट्यात धरलेली ती फीत आठवते का? सर आधी ‘सरळ बघू नका’ म्हणायचे आणि सगळा वर्ग सरळच बघायचा. (सरांचं बरोबर होतं. त्या प्रकाशात अतिनील किरणही असतात.) खिडक्यांतून ऊन येत असतानाही भिंतीवर सावल्या पडायच्या आणि बशीत पांढरी भुकटी उरायची. तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी ज्योतीवर धरली तर ती लिबलिबीत होते, ओघळते, पण पेटत नाही.

फरक आहे तो कातडीत. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. तो घट्ट असतो, भेगा पडू देत नाही आणि २०७२ अंशांपर्यंत वितळत नाही. धातू स्वतः ६६० अंशांनाच वितळतो. त्यामुळे गॅसवर विसरलेलं पातेलं आतून पाणी झालं तरी बाहेरची न वितळलेली पिशवी ऑक्सिजनला आत येऊ देत नाही. १९२३ साली पिलिंग आणि बेडवर्थ या दोघांनी या कातडीचं एक सोपं गणित मांडलं. ऑक्साइडनं व्यापलेली जागा ही तो ज्या धातूपासून झाला त्याच्या जागेच्या किती पट, एवढंच पाहायचं. मॅग्नेशिअमसाठी हा आकडा एकाहून कमी, सुमारे ०.८. म्हणजे अंगावरचा सदरा अंगाला पुरत नाही, तो फाटतो आणि हवा आत शिरते. ॲल्युमिनियमसाठी सुमारे १.३, सदरा अंगासरशी बसतो. लोखंडाच्या गंजासाठी दोनाहून जास्त. तो सदरा इतका घोळदार, की सुरकुत्या पडून पोपडे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. पावसाळ्यात अंगणात राहिलेल्या वखराच्या पासेचं जे होतं ते हेच.

गंजणं आणि जळणं यांत रसायनशास्त्र भेद मानत नाही. एक मंद, दुसरं वेगवान, एवढंच. गंजतानाही उष्णता सुटते, पण ती इतकी हळूहळू सुटते की वारा घेऊन जातो. लोखंडाची पूड आणि थोडं मीठ-पाणी पिशवीत कोंडलं तर तीच उष्णता हाताला जाणवते. थंड प्रदेशात खिशात ठेवायच्या ऊबेच्या पुड्या अशाच असतात. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत वापरतात त्या स्पंज आयर्नचा ढीग ओलावला तर तो आपोआप तापू लागतो, म्हणून त्याची साठवण कोरडी ठेवावी लागते.

लोहाराला हे सारं वेगळ्या भाषेत ठाऊक असतं. भात्यावर बसलेल्याचं लक्ष चुकलं आणि लोखंड पांढरंफटक झालं, तर त्यातून आपोआप फुलं उडायला लागतात. ते लोखंड मग ‘जळालं’, त्याची धार टिकत नाही. ऐरणीखाली साचणारे काळे पोपडेही जळालेलं लोखंडच. ग्राइंडरच्या ठिणग्या जरा निरखून पाहिल्या तर एक गंमत दिसते. ठिणगी चाकापाशी मंद असते, उडत गेली की उजळते आणि शेवटी फुटून तिला फांद्या फुटतात. चाकानं ओरबाडलेला कण घर्षणानं तापून निघतो, मग हवेत स्वतःच्या जळण्यानं आणखी तापतो. पोलादातला कार्बन आतल्या आत जळून वायू होतो आणि वितळलेल्या थेंबाला फोडतो. म्हणून जास्त कार्बनचं पोलाद जास्त फुलं देतं आणि कमी कार्बनच्या लोखंडाची ठिणगी सरळ रेघेसारखी जाते. पोलादाची जात ओळखायला जुने कारागीर ठिणगी पाहतात, ते या कारणानं. त्याच चाकावर तांबं धरलं तर ठिणगी नाही, ॲल्युमिनियम धरलं तरी नाही.

त्याच दुकानातला गॅस कटर तर उघडउघड धातू जाळतो, फक्त कुणी तसं म्हणत नाही. बघणाऱ्याला वाटतं, ज्योत लोखंड वितळवते आहे. खरं तर ज्योतीचं काम लोखंडाला सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवायचं, एवढंच. मग कारागीर दट्ट्या दाबतो, शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि लोखंड स्वतःच जळत जातं. जळून झालेला ऑक्साइड पातळ होऊन झोताबरोबर खाली गळतो. स्टेनलेस स्टील या कटरनं कापत नाही, कारण त्यातल्या क्रोमिअमचा ऑक्साइड वितळायला तयार नसतो, पुन्हा कातडीच आडवी येते. महामार्गावरच्या त्या दुकानात शक्तीचं काम म्हणून जे चालतं, त्याचा अर्धा भाग हा नियंत्रित दहनाचा आहे.

आता थोडं मागे जाऊ. धातू जळल्यावर जी राख उरते तिला आपल्याकडे भस्म म्हणतात, आणि ते तयार करण्याला मारण. भाषा हिंसेची आहे, पण निरीक्षण बारीक आहे. कथील, शिसे, जस्त हे लवकर वितळणारे धातू कढईत घालून, वनस्पतींचं चूर्ण टाकत घोटत राहायचं, याला जारण म्हणत. लोखंडासारख्या हट्टी धातूला गोवऱ्यांच्या आगीत पुट द्यायचे, कधी दहा, कधी शंभर. रसरत्नसमुच्चयासारख्या ग्रंथांत भस्म झालं की नाही हे ठरवायच्या कसोट्या आहेत. पाण्यावर तरंगलं तर वारितर, बोटांच्या रेषांत शिरलं तर रेखापूर्ण. यांतली मला सर्वांत चतुर वाटते ती अपुनर्भव. भस्म तूप, मध, गुंज, गुग्गुळ आणि टाकणखार यांच्याबरोबर तापवायचं. धातू पुन्हा चमकला तर भस्म कच्चं.

आजच्या भाषेत सांगायचं तर तूप, मध, गुग्गुळ जळून कोळसा देतात, कोळसा ऑक्साइडातला ऑक्सिजन ओढू पाहतो आणि टाकणखार मळ वितळवून धातूचे थेंब एकत्र आणतो. म्हणजे वैद्य उलटी प्रक्रिया करून पाहत होता. जळणं उलटवता येतं, हे त्याला माहीत होतं. (नागभस्म शिशाचं असतं आणि शिसं शरीराला कोणत्याही रूपात मानवत नाही, हेही इथेच सांगितलेलं बरं. कसोटी हुशार असली म्हणून औषध निर्धोक ठरत नाही.)

युरोपात याच राखेवरून दीडशे वर्षं वाद चालला. लाकूड जळलं की हलकं होतं, मग कथील जळून जड कसं होतं? १६३० साली फ्रान्समध्ये जाँ रे या वैद्यानं हवा चिकटते म्हणून, असं उत्तर दिलं आणि कुणी फार ऐकलं नाही. १६७३ मध्ये रॉबर्ट बॉइलनं आगीचेच कण काचेतून आत शिरतात असं लिहिलं. पुढे फ्लॉजिस्टन नावाचं काल्पनिक द्रव्य जळताना बाहेर पडतं, असं मानायची पद्धत पडली. वजन वाढतं म्हटल्यावर काहींनी त्या द्रव्याला उणे वजनसुद्धा देऊन पाहिलं. १७७४ मध्ये लव्हाझिएनं बंद काचपात्रात कथील तापवलं. पात्राचं एकूण वजन बदललं नाही. उघडल्यावर हवा सूं करून आत गेली आणि तेवढंच वजन वाढलं. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया असा जळक्या धातूवर घातला गेला. हिशेब सोपा आहे: २४ ग्रॅम मॅग्नेशिअम १६ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ४० ग्रॅम राख देतं.

हे वाक्य पाठ्यपुस्तकात आहे तसंच लिहिलं, पण उघड्या हवेत ते पुरतं खरं नाही. हवेच्या पाच भागांतले चार नायट्रोजन, आणि तापलेलं मॅग्नेशिअम त्यालाही सोडत नाही. बशीतल्या पांढऱ्या राखेत थोडा पिवळसर नायट्राइड असतो. तिच्यावर दोन थेंब पाणी टाकून नाक जवळ नेलं तर अमोनियाचा दर्प येतो. या खादाडपणाचा उपयोग विल्यम रॅम्झीनं केला. हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन त्यानं तापलेल्या मॅग्नेशिअमवरून पुन्हा पुन्हा नेला. धातू नायट्रोजन खात गेला आणि शेवटी थोडासा वायू उरला, त्याला मॅग्नेशिअमही तोंड लावेना. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांनी जगाला सांगितलेला तो वायू म्हणजे आर्गॉन.

मॅग्नेशिअम कार्बन डायऑक्साइडमध्येही जळतं आणि काळी काजळी सोडतं. पाण्यातून ऑक्सिजन हिसकावून हायड्रोजन मोकळा करतं आणि मग तो हायड्रोजनही पेटतो. आग विझवायची जी साधनं आपल्या मनात पक्की बसली आहेत, ती इथे आगीच्या बाजूनं लढतात. ११ जून १९५५ ला फ्रान्समधल्या ल मां इथल्या मोटार शर्यतीत एक मर्सिडीज गाडी उडून प्रेक्षकांच्या बाजूला कोसळली. तिची बॉडी मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूची होती. जवानांनी पाणी मारलं आणि आग आणखी भडकली. त्या अपघातात ऐंशीहून अधिक माणसं दगावली, बहुतेक आदळणाऱ्या तुकड्यांमुळे, पण पांढऱ्या आगीवर पाण्याचा फवारा हे चित्र अग्निशमन शिकणाऱ्यानं विसरू नये असं आहे. धातूच्या आगीला म्हणूनच वेगळा वर्ग आहे, ‘डी’. तिच्यासाठी कोरड्या मिठाची किंवा ग्रॅफाइटची पूड वापरतात. वाळूही चालते, पण ती कोरडीठाक हवी, आणि मॅग्नेशिअमचा ढीग मोठा असेल तर तो वाळूतलाही ऑक्सिजन ओढतो.

हवेत उडालेली पूड ही आणखी वेगळी गोष्ट. चीनमधल्या कुनशान इथे मोटारीच्या ॲल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात २ ऑगस्ट २०१४ रोजी स्फोट झाला, मृतांची संख्या पुढे १४६ वर गेली. तिथे कुणी दारू भरत नव्हतं. चाकं घासून उडणारी धूळ साचत होती, एवढंच. खोलीच्या हवेत घनमीटरमागे काही दहा ग्रॅम धूळ पसरली की ठिणगीची वाट पाहणं बाकी उरतं. आणि पहिला छोटा भडका तुळयांवर साचलेली धूळ खाली पाडतो, दुसरा मोठा भडका तिचा होतो. अशा जागी झाडूनं झटकून सफाई करणं म्हणजे स्फोटाची तयारी करणं.

इथवर हवा लागतच होती. ती नसली तरी चालतं, हे भुसावळच्या रेल्वेमार्गावर रूळ जोडणाऱ्या टोळीला विचारावं. लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड यांचं मिश्रण मुशीत पेटवतात. ॲल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन काढून घेतं, वितळलेलं लोखंड रुळांच्या फटीत उतरतं. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिटनं १८९५ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती अजून तशीच चालते. इस्रोच्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन असतं. त्यातही ॲल्युमिनियमची पूड असते आणि तिचा ऑक्सिजन अमोनियम परक्लोरेट पुरवतं. ग्रॅमला सुमारे ३१ किलोज्यूल उष्णता देणारं हे जळण. वजनाच्या हिशेबात पेट्रोल त्याच्या पुढे आहे, पण जागेच्या हिशेबात ॲल्युमिनियम पेट्रोलच्या दुपटीहून जास्त भरतं.

फुलबाजी ही याच कुळातली धाकटी. तिच्या जुन्या पाककृतीत निम्म्याच्या आसपास बेरिअम नायट्रेट, मग लोहकीस, ॲल्युमिनियमची पूड आणि चिकटवायला डेक्स्ट्रिनची खळ. नायट्रेट ऑक्सिजन देतं, ॲल्युमिनियम पांढरा उजेड देतं, लोहकीस सोनेरी फुलं देतो. मिश्रण ओलं असताना ॲल्युमिनियम आणि नायट्रेट यांची आतल्या आत चकमक सुरू होऊ शकते. तशी ती झाली तर लगदा तापतो, अमोनियाचा वास येतो. ते टाळायला जाणते कारागीर चिमूटभर बोरिक ॲसिड घालतात. म्हणजे उन्हाळ्यात कोरड्या पुडीला ठिणगीची भीती, पावसाळ्यात दमट पुडीला स्वतःचीच. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये फटाक्यांतल्या बेरिअमच्या क्षारांवर बंदी घातली. मग नागपूरच्या नीरी संस्थेनं कमी प्रदूषणाच्या पाककृती काढल्या. त्यांतल्या एकीचं नाव ‘सफल’, तिचा रोखच ॲल्युमिनियमचं प्रमाण कमी ठेवण्यावर आहे. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय यंत्रणेचं मुख्यालयही नागपूरलाच.

केकवरच्या नळीत सहसा नायट्रोसेल्युलोज असतं, ते धूर न करता भरकन जळतं, आणि त्यात टायटेनिअमसारख्या धातूचे बारीक दाणे असतात, त्यांच्या ठिणग्या होतात. एक नळी पेटवली तर अर्ध्या-पाऊण मिनिटाचा खेळ. ठिणगीचं तापमान हजार अंशांपलीकडचं असलं तरी कण इतका चिमुकला, की हाताला लागला तर चटका जेमतेम जाणवतो. जाहिरातीत तिला ‘थंड’ ठिणगी म्हणतात ते यामुळे. पण थंडपणा कणाचा आहे, मिश्रणाचा नव्हे. हजार नळ्यांचा माल एका टेबलावर मोकळा पसरला की हिशेब बदलतो. पूड जितकी बारीक आणि ढीग जितका मोठा, तितका तो मेणबत्तीपासून लांब आणि स्फोटकाजवळ जातो. शिवाय ऑक्सिजन मिश्रणाच्या पोटात असल्यानं पोतं टाकून, वाळू टाकून गुदमरवणं इथे जमत नाही. हातात उरतं ते आधी केलेलंच: एका खोलीत थोडा माल, थोडी माणसं, दोन खोल्यांत अंतर, बाहेर उघडणारी दारं, पितळी किंवा लाकडी अवजारं, सुती कपडे आणि जमिनीला जोडलेल्या तारा. शिवकाशीच्या परवानाधारक कारखान्यांसाठी हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे. तिथेही अपघात होतात, पण निदान तिथल्या माणसाला आपण दारूखान्यात आहोत हे माहीत असतं. टेबलाशी बसून तासन्‌तास नळ्या भरणाऱ्या बाईला मेणबत्त्या भरायच्या आहेत असं सांगून कामावर घेतलं, तर ती पदरानं पूड झटकेल, चहाची शेगडी कोपऱ्यात ठेवेल. तिचा त्यात काय दोष?

या विषयाचा एक नवा फाटा अगदी उलट दिशेला गेला आहे, आणि तिथे लोखंडाची जात महत्त्वाची ठरते. धातू दोन तऱ्हेनं जळतात. मॅग्नेशिअम १०९० अंशांना उकळतं, म्हणून जळताना आधी वाफ होतं, ज्योत होते आणि राख धुरासारखी उडून जाते. ॲल्युमिनियमचंही पेटल्यावर बहुतांशी असंच. लोखंड २८६० अंशांच्या आसपास उकळतं, तिथवर ते सहसा पोचत नाही. त्याचा कण कणच राहून जळतो, आणि विझल्यावर गंजाचा एक गोळीसारखा दाणा उरतो. तो दाणा गोळा करता येतो. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठातल्या मंडळींनी हे हेरलं आणि २०२० मध्ये स्विंकल्स या बिअर कारखान्यात लोखंडाची पूड जाळून वाफ तयार केली. शंभर किलोवॅटचा छोटा प्रयोग होता, पण धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड निघाला नाही. उरलेला गंज हायड्रोजनमध्ये तापवला की पुन्हा लोखंड, पुन्हा जळण.

वैद्याला हवं होतं ते न परतणारं भस्म, या इंजिनिअरांना परतणारं. ग्रॅममागे उष्णता मात्र सातेक किलोज्यूलच, म्हणून ही वजनदार शिदोरी आहे. मोटारीत घालायला निरुपयोगी, पण गोदामात वर्षानुवर्षं ठेवायला सोयीची. त्या परतीच्या हायड्रोजनला वीज लागते, आणि ती स्वस्त हवी. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला महाजनकोचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, दोन्ही साक्री तालुक्यातच. आषाढात पठारावरचा वारा जोरात असतो आणि पौषात मंदावतो. पावसाळ्यातली जास्तीची वीज गंजाचं लोखंड करायला वापरायची आणि हिवाळ्यात ते लोखंड जाळायचं, हे गणित कागदावर जुळतं. प्रत्यक्षात गंजाचे दाणे भट्टीत एकमेकांना चिकटून ढेकळं होतात आणि दर फेरीला थोडा माल बारीक धूळ होऊन हातचा जातो. ते कसं टाळायचं, यावर सध्या काम चालू आहे. म्हणजे इथेही अडलं आहे ते कणाच्या आकारापाशीच.